जुना मोबाइल घेताना: फोन कसा आहे ते पाहा, पण आधी तो कोणाचा आहे ते पाहा

२०२२ च्या डिसेंबरात कापसाचे पहिले पैसे हातात आले आणि मी ७,५०० रुपयांत एक जुना फोन घेतला. विकणारा माझ्या साळ्याच्या मित्राचा भाऊ. म्हणजे घरचाच. फोन नवाकोरा दिसत होता, कॅमेरा झकास, काचेवर एक ओरखडा नाही. बिलाचं विचारायला मी तोंड उघडलं तर साळाच म्हणाला, "काय भाऊजी, आपल्याच पोराचा फोन आहे, बिल कायले पायजे?" मी गप बसलो. सव्वा महिन्यानं सकाळी उठून पाहतो तर पडद्यावर एकच मजकूर: हप्ता थकला आहे, हप्ता भरा. बाकी सगळं कुलूपबंद. पोरगा तोवर पुण्याला कंपनीत लागला होता आणि माझा फोन उचलत नव्हता. तो पोळ्याला गावी आला तेव्हा कुठं हप्ते भरले गेले. मधले सात महिने माझे साडेसात हजार कपाटात पडून होते.

यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीच्या अलीकडं माझं गाव. त्या फोनची गोष्ट गावभर झाली आणि झालं उलटंच: आता कोणाला जुना फोन घ्यायचा असला की आधी तो माझ्याकडं येतो. मी काही दुरुस्तीवाला नाही, शेतकरी आहे. पण इतके फोन हातातून गेले की काय पाहायचं आणि कोणत्या क्रमानं पाहायचं हे डोक्यात बसलं आहे.

माणूस जुना फोन घेताना एकच प्रश्न विचारतो, फोन चांगला आहे का? त्याच्या आधीचा प्रश्न सुटतो: हा फोन विकायचा हक्क या माणसाला आहे का? पहिल्या प्रश्नात चुकलात तर दुरुस्तीला हजार-दोन हजार जातील. दुसऱ्यात चुकलात तर फोन जातो, पैसे जातात आणि नशीब वाईट असलं तर ठाण्याची पायरीही चढावी लागते.

काम आधी ठरवा

फोन कोणासाठी आणि कशासाठी, हे घरातच बोलून घ्या. शेतकऱ्याच्या हातातल्या फोनला आता बरीच सरकारी कामं करावी लागतात. २०२१ च्या खरिपापासून ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची नोंद, आपल्याच मोबाइलवरून करायची आहे, आणि तिच्यात पिकाचा फोटो अक्षांश-रेखांशासह जातो. सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) हमीभावानं कापूस द्यायचा तर २०२५ च्या हंगामापासून 'कपास किसान' ॲपवर नोंदणी. पीएम किसानची ई-केवायसी चेहरा दाखवूनही होते. वर यूपीआय आहे, बँकेचे ओटीपी आहेत, पोरांचा अभ्यास आहे. म्हणून मागच्या कॅमेऱ्यात किती मेगापिक्सेल यापेक्षा जीपीएस नीट लागतं का, पुढचा कॅमेरा स्वच्छ आहे का आणि अँड्रॉइड किती जुनं आहे, या तीन गोष्टींना माझ्या लेखी जास्त किंमत.

माझी स्वतःची रेघ अशी: अँड्रॉइड १२ च्या खालचा फोन घ्यायचा नाही, रॅम ४ जीबीच्या खाली नको, साठवण ६४ जीबीच्या खाली नको. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' उघडलं की अँड्रॉइडची आवृत्ती दिसते आणि तिथंच आसपास सुरक्षा अपडेटची तारीखही सापडते. ती तारीख दोन वर्षांहून जुनी असेल तर कंपनीनं त्या फोनकडं पाहणं सोडलंय असं समजा. ज्या फोनवर बँकेचं ॲप चालणार आहे तो असा नको.

भावाचं म्हणाल तर त्याच तोडीच्या नव्या फोनची किंमत आधी पाहा, मगच बोलणीला बसा. जुना घेऊन निदान तिसरा हिस्सा तरी वाचत नसेल तर सरळ नवा घ्या. त्याच्यासोबत एक वर्षाची वॉरंटी येते. दोन वर्षं वापरलेल्या फोनला नव्याच्या निम्म्याहून जास्त मी देत नाही. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा. पंधरा हजारांचा, सहा महिने वापरलेला फोन कोणी चार हजारांत देत असेल तर त्याला तुमची दया आलेली नाही.

कोणाकडून घ्यायचा

ओळखीचा माणूस, तालुक्याचं मोबाइल दुकान, जुने फोन दुरुस्त करून विकणारी ऑनलाइन कंपनी आणि अनोळखी जाहिरातवाला. बहुतेक फोन या चौघांपैकी कोणाकडून तरी येतात.

ऑनलाइन कंपनीकडं बिल मिळतं, थोडी वॉरंटी मिळते, परत करायची मुदत मिळते, पण किंमत जास्त पडते आणि आपल्या पिनकोडवर माल पोचतो का ते आधी पाहावं लागतं. तालुक्याचा दुकानदार बरा, कारण त्याचं शटर उद्याही तिथंच उघडणार आहे. फक्त त्याच्याकडून कच्च्या चिठ्ठीवर फोन घेऊ नका. दुकानाच्या नावाचं, आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) लिहिलेलं बिल मागा. काही दुकानदार तोंडानं 'महिन्याची गॅरंटी' देतात. ती बिलावर लिहून घ्या, म्हणजे महिनाभर ती खरी राहते.

अनोळखी जाहिरातीत एक जुनी चाल अजून चालते. "मी फौजेत आहे, बदली झाली, फोन स्वस्तात काढायचा आहे," असं म्हणून वर्दीतला फोटो आणि ओळखपत्र पाठवतात. मग बुकिंगचे पाचशे, कुरिअरचे हजार, नंतर आणखी काही. फोन कधीच येत नाही. फोन प्रत्यक्ष हातात घेतल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. भेटायचं तर दिवसा, बसस्थानकावर किंवा बाजारपेठेत, आणि सोबत एक माणूस घेऊन.

ओळखीच्या माणसाकडचा धोका वेगळा असतो. तो फसवेलच असं नाही, पण त्याला काही विचारायला आपल्याला लाज वाटते. आठवडी बाजारात वांगी घेताना आपण चार ढिगारे उलटेपालटे करतो, आणि भाच्याकडून आठ हजारांचा फोन घेताना 'बिल दाखव' म्हणायला जीभ अडते. माझा तोडगा साधा आहे. दोष मी दुसऱ्यावर ढकलतो: "पोरगं मानत नाही ना, बिल पाहिल्याबिगर घेऊ देत नाही." कोणाला वाईट वाटत नाही आणि बिल बाहेर येतं.

मालकी तपासा: आयएमईआय, हप्ता आणि खातं

या भागाला घाई नको. फोनच्या चमकण्याकडं न पाहता आधी हे उरकायचं.

प्रत्येक फोनला १५ आकड्यांचा आयएमईआय नंबर असतो. दोन सिमच्या फोनला दोन. कॉल करतो त्या जागी *#०६# दाबलं की तो पडद्यावर येतो. तो वहीत लिहा. मग तोच सेटिंगमध्ये, डब्यावरच्या स्टिकरवर आणि बिलावर आहे का ते एकेक आकडा बोट ठेवून जुळवा. एक आकडा जरी वेगळा निघाला तरी सौदा तिथंच थांबवा. "डबा बदलला असेल," हे उत्तर मी बऱ्याचदा ऐकलंय. बदलला असेलही, मग बरोबर डबा घेऊन या म्हणायचं.

पुढं सरकारी तपासणी. दूरसंचार विभागानं मे २०२३ मध्ये 'संचार साथी' पोर्टल सुरू केलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचं ॲप आलं. त्यात मोबाइल हँडसेट खरा आहे का हे पाहायची सोय आहे. नेट नसेल तर साध्या एसएमएसनंही होतं: इंग्रजीत के, वाय, एम ही तीन अक्षरं, एक जागा सोडून आयएमईआयचे १५ आकडे, आणि पाठवायचं १४४२२ ला. उत्तरात त्या नंबरची कंपनी आणि मॉडेल येतं. दोन गोष्टी पाहा. नंबर काळ्या यादीत आहे, डुप्लिकेट आहे किंवा आधीच वापरात आहे असं आलं तर फोन घ्यायचा नाही. आणि उत्तरात एका कंपनीचं नाव, हातात दुसऱ्याच कंपनीचा फोन, असं निघालं तर नंबर बदललेला आहे हे धरून चाला. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात आयएमईआयशी छेडछाड करण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड सांगितला आहे, आणि असा फोन जाणूनबुजून जवळ बाळगणाराही त्यात येतो.

इथं एक खोच आहे, ती फार थोड्यांच्या लक्षात येते. ही तपासणी फक्त आजचं सांगते. फोन काल चोरीला गेला आणि मालकानं अजून तक्रार दिलेली नाही, तर आज उत्तर स्वच्छच येणार. आठ दिवसांनी मालकानं तक्रार करून नंबर ब्लॉक केला की कोणत्याही कंपनीचं सिम टाकलं तरी टॉवर यायचा नाही. शिवाय त्या फोनमध्ये तुमचं सिम पडलं की त्याची माहिती पोलिसांपर्यंत जाऊ शकते आणि ठाण्यातून फोन तुम्हालाच येतो. फोन मूळ मालकाला परत जातो, तुमचे पैसे ज्यानं घेतले त्याच्याकडं राहतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये चोरीचा माल अप्रामाणिकपणे घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि 'मला माहीत नव्हतं' एवढ्यानं तिथं भागत नाही. चोरीचा असल्याची शंका यायला कारण होतं का, हेही पाहिलं जातं. निम्म्याहून कमी भाव, डबा नाही, बिल नाही, चार्जरही नाही, हे सगळं शंकेचं कारणच आहे. म्हणून एसएमएसचं उत्तर स्वच्छ आलं तरी बिल आणि पावती सुटत नाही.

आता हप्ता, माझ्या घरचा अनुभव. आपल्याकडं बरेच फोन फायनान्सवर घेतलेले असतात. काही कर्ज देणारे फोनमध्ये कुलपाचं ॲप टाकतात. हप्ता चुकला की फोन दूरवरून बंद. मूळ बिल पाहा, त्यावर बऱ्याचदा फायनान्स कंपनीचं नाव छापलेलं असतं. असेल तर कर्ज फिटल्याचं ना हरकत प्रमाणपत्र मागा. 'शेवटचा एकच हप्ता राहिला' हे प्रमाणपत्र नव्हे. मग सेटिंगमध्ये सुरक्षा या भागात 'डिव्हाइस ॲडमिन ॲप्स' शोधा. तिथं एखादं अनोळखी नाव चालू दिसलं आणि बंद करू म्हटलं तर बंद होत नाही, किंवा फोन एखाद्या संस्थेच्या ताब्यात असल्याची ओळ कुठं दिसली, तर विकणाऱ्यालाच विचारा. कुलपाची काही ॲप इतकी चिवट असतात की फोन पूर्ण रिकामा केला तरी नेट लागल्याबरोबर परत येऊन बसतात. त्यामुळं फोन रिकामा करून, नेट लावून पाहणं हीच खरी कसोटी.

ती अशी करायची. विकणाऱ्यानं आधी स्वतःचं गूगल खातं सेटिंगमधून काढायचं, पडद्याचं कुलूप काढायचं आणि मग सेटिंगमधूनच फोन फॅक्टरी रीसेट करायचा. बटणं दाबून बाहेरून रीसेट मारलेला फोन चालणार नाही, कारण २०१५ पासूनच्या अँड्रॉइडमध्ये संरक्षण आहे: खातं न काढता रीसेट केला तर फोन आधीचाच जीमेल आणि पासवर्ड मागतो. दुकानातला पोरगा "गावात गेल्यावर टाकून घेजो जीमेल" म्हणाला की मान हलवायची नाही. फोन सुरू होताना तुमच्या सोबत्याच्या मोबाइलचं हॉटस्पॉट लावा, तुमचं खातं टाका आणि मुख्य पडदा येईपर्यंत पैसे खिशातच ठेवा. आयफोन असेल तर विकणाऱ्यानं 'फाइंड माय' बंद करून ॲपल आयडी काढलेला पाहिजे. नाहीतर तो फोन म्हणजे काचेची पाटी.

रीसेटला पंधरा-वीस मिनिटं जातात. विकणारा घाईत असेल तर तेवढ्यात कळतं.

हातात घेऊन तपासणी

कव्हर आणि ग्लास गार्ड काढायला लावा. ग्लास गार्डाखाली तडा लपतो, कव्हराखाली वाकलेली चौकट लपते. फोन सपाट काचेवर पालथा ठेवून बोटानं फिरवा. भोवऱ्यासारखा फिरला किंवा मागचं झाकण कडेला उचललेलं दिसलं तर बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता मोठी. असा फोन फुकट दिला तरी नको. आपल्याकडं नवतप्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि फोनच्या बॅटरीला ३५ अंशांच्या पुढचं ऊन मुळातच सोसत नाही.

बॅटरी पाहायची सोपी रीत: उजेड पूर्ण वाढवून वीस मिनिटं व्हिडिओ चालवा. टक्के हळूहळू उतरले तर ठीक. ६० वरून एकदम ४८ वर उडी मारली तर बॅटरी थकली. लिथियम बॅटरी साधारण पाचशे वेळा पूर्ण भरली-रिकामी झाली की तिची ताकद ८० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे दोन वर्षं वापरलेल्या फोनची बॅटरी थोडी उतरलेली असणारच, त्याचा भाव कमी करून घ्यायचा. आयफोनमध्ये हा टक्का सेटिंगमध्येच दिसतो. बॅटरी बदलायला किती लागेल हे ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोनवर आधीच विचारून ठेवा. आकडा हातात असला की बोलणी सोपी जातात.

पडदा म्हणजे दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत 'फोल्डर'. तो बदललेला असणं गुन्हा नाही, पण कॉपी फोल्डर असेल तर भाव निम्म्यावर यायला हवा. ओळखायचं कसं? पांढरा फोटो उघडून फोन तिरपा धरा. रंग पिवळट-निळसर पालटला, कडेची काळी पट्टी जाड दिसली किंवा बाहेर उन्हात काही वाचताच आलं नाही, तर शंका घ्या. ज्या मॉडेलला काचेखाली बोटाचा ठसा लागतो तिथं तो लागत नसेल तर फोल्डर बदललेला असण्याची शक्यता जास्त. हिरवी उभी रेघ दिसली तर पुढं पाहूच नका. टच तपासायला एखादं ॲपचं चिन्ह बोटानं धरून पडद्याच्या चारही कोपऱ्यांत ओढत न्या. जिथं ते हातातून सुटतं तिथं टच मेलेला आहे. सॅमसंगमध्ये *#०*# आणि रेडमीमध्ये *#*#६४८४#*#* दाबलं की कंपनीचीच तपासणी उघडते. तिच्यात पडदा, स्पीकर, सेन्सर सगळं एका जागी पाहता येतं.

पाणी. फवारणीच्या दिवसांत, पावसाळ्यात शर्टाच्या खिशातला फोन किती भिजतो हे आपल्याला सांगायला नको. सिमचा ट्रे काढून उजेडात आत पाहा. बऱ्याच फोनमध्ये तिथं एक पांढरा ठिपका असतो, पाणी लागलं की तो लाल-गुलाबी होतो. कॅमेऱ्याच्या काचेआड वाफ धरलेली दिसली तरी तोच अर्थ. भिजलेला फोन महिना-दोन महिने नीट चालतो आणि मग आतली आयसी (चिप) जाते. हा दोष मी सगळ्यात वाईट मानतो, कारण त्या दिवशी काहीच दिसत नाही.

चार्जिंगचं भोक टॉर्च लावून पाहा. कापूस वेचणाऱ्याच्या खिशातल्या फोनमध्ये तिथं बारीक कापूस आणि धूळ गच्च बसलेली असते. फोन बंद करून लाकडी काडीनं अलगद काढली की अनेकदा 'चार्जिंग जॅक गेला' म्हणून सोडलेला फोन चालू लागतो. (असा एक फोन मी शेजाऱ्याला बाराशेत मिळवून दिला होता. तो अजून चालतो आहे.) पिन लावून हलकेच हलवा, चार्जिंग तुटत असेल तर जॅक खरंच गेलाय.

कॅमेऱ्यानं चहाच्या टपरीवरचा क्यूआर स्कॅन करा. तो पटकन पकडला तर फोकस ठीक. पुढच्या कॅमेऱ्यात स्वतःचा चेहरा उजेडात आणि सावलीत पाहा. एक कॉल लावून फोन कानाला धरा, पडदा काळा झाला पाहिजे, स्पीकरवर टाका, समोरच्याला तुमचा आवाज कसा येतो ते विचारा. आवाजाचं बटण आणि चालू-बंदचं बटण दहा-दहा वेळा दाबा.

नकली फोनही बाजारात आहेत: वरून नावाजलेल्या कंपनीचा, आतून भलताच. सेटिंगमध्ये २५६ जीबी दाखवतो आणि खरी साठवण त्याच्या आठव्या हिश्श्याएवढी. प्ले स्टोअर उघडा, त्याच्या सेटिंगमध्ये 'माहिती' या भागात डिव्हाइस प्रमाणित आहे का ते लिहिलेलं असतं. प्रमाणित नाही असं आलं, किंवा फोन सुरू होताना उघड्या कुलपाचं चित्र आणि इशारा आला, तर आतल्या सॉफ्टवेअरशी कोणीतरी खेळलंय. अशा फोनवर बँकेची बरीच ॲप चालतच नाहीत. तिथंच बसून प्ले स्टोअरवरून तुमच्या बँकेचं ॲप आणि ई-पीक पाहणीचं ॲप उतरवून पाहा. 'तुमच्या डिव्हाइसशी सुसंगत नाही' ही ओळ गावात वाचण्यापेक्षा दुकानात वाचलेली बरी.

टॉवर: शहरात सगळ्याच फोनला असतो

यवतमाळात, अमरावतीत किंवा नागपूरला सीताबर्डीत उभं राहून फोन पाहिला तर कांड्या पूर्ण भरलेल्या दिसतात. खरी परीक्षा घरी, मागच्या खोलीत होते.

जिओ फक्त ४जी-५जीवर चालतं. फोनमध्ये व्होल्टी (४जीवरूनच कॉल लावायची सोय) नसेल किंवा बिघडलेलं असेल तर जिओचं नेट चालेल पण साधा कॉल लागायचा नाही. म्हणून तुमचंच सिम टाका, कॉल लावा आणि बोलता बोलता नेट चालू राहतंय का ते पाहा. बीएसएनएलवाल्यांनी आणखी एक पाहायचं. बीएसएनएलच्या ४जीचा लांब जाणारा सिग्नल ७०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे बँड २८ चा आहे, आणि जुन्या स्वस्त फोनमध्ये बऱ्याचदा तो बँडच नसतो. टॉवर गावात आला तरी अशा फोनला बऱ्याचदा ४जी दिसणार नाही. जिओला खेड्यात ८५० मेगाहर्ट्झचा बँड ५ कामी येतो, आणि जिओच्या ५जीसाठी फोनमध्ये एन २८ (५जीचा ७०० मेगाहर्ट्झचा बँड) असेल तर गावात फायदा. कमी मेगाहर्ट्झची लहर लांब जाते आणि भिंतीतूनही बरी शिरते. 'फोनबद्दल' मधला मॉडेल नंबर नेटवर टाकला की त्या फोनचे सगळे बँड लिहिलेले सापडतात. त्यात हे आकडे आहेत का एवढंच शोधायचं.

जीपीएस उघड्यावर पाहा. नकाशा उघडून मोकळ्या जागी दोन मिनिटं उभं राहा. निळा ठिपका तुम्ही उभे आहात तिथं आला पाहिजे. तो दोनशे मीटरवर दुसऱ्याच्या पराटीत (कापसाच्या शेतात) जाऊन बसला तर पीक पाहणीच्या दिवशी वैताग ठरलेला.

ओळखीचा माणूस असेल तर एक रात्र फोन घरी न्यायला मागा. टॉवर आणि बॅटरी दोन्ही एका रात्रीत कळतात.

पैसे आणि पावती

सगळं जुळलं, फोनमध्ये तुमचं खातं पडलं, मग पैसे. मी यूपीआयनं देतो, कारण पुरावा राहतो आणि पैसे पाठवण्याआधी पडद्यावर घेणाऱ्याचं बँकेतलं नाव दिसतं. ते नाव आणि पावतीवर सही करणाऱ्याचं नाव एकच असावं. "मायावाला फोनपे बंद आहे, मित्राच्या नंबरावर टाका," असं म्हटलं तर रोख द्या आणि पावती घ्या. आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: पैसे येण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, क्यूआरही स्कॅन करावा लागत नाही. जुना फोन विकताना लोक इथंच फसतात.

पावती साध्या कागदावर चालते. तिच्यात मी एवढं लिहून घेतो:

विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं पूर्ण नाव व पत्ता, फोनची कंपनी, मॉडेल, रंग, दोन्ही आयएमईआय, किंमत आकड्यांत आणि अक्षरांत, रोख की यूपीआय, तारीख, वेळ, गाव, आणि एक वाक्य, 'हा फोन माझ्या मालकीचा असून चोरीचा नाही, त्यावर कोणतंही कर्ज किंवा हप्ता बाकी नाही, तसं निघाल्यास जबाबदारी माझी.' खाली दोघांच्या सह्या आणि एका साक्षीदाराची.

रक्कम ५,००० च्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घ्या. सोबत ओळखपत्राची प्रत मागा. आधार असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार घ्या, आणि प्रतीवर 'फक्त मोबाइल विक्रीसाठी' असं विकणाऱ्याच्याच हातानं लिहून घ्या. म्हणजे त्यालाही भीती नाही. मूळ बिल आणि डबा आपल्याकडं. विकणारा अठरा वर्षांच्या आतला असेल तर सही त्याच्या बापाची किंवा आईची घ्यायची. कॉलेजातली पोरं घरी न सांगता फोन विकतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे वडील दारात उभे राहतात, हे मी पाहिलंय.

पावतीला नकार मिळाला तर फोन कितीही आवडला तरी मी उठतो.

घरी आल्यावर

पहिल्याच दिवशी सिस्टीम अपडेट मारून घ्या. दुकानात जे काही अगोदरच टाकून दिलेलं असेल ते बाहेरचं ॲप काढून टाका. विशेषतः पडदा दुसऱ्याला दाखवणारी ॲप. पडद्याला कुलूप लावा, पण घरातल्या सगळ्यांना पाठ असलेली जन्मतारीख नको. बँकेचं ॲप दोन-तीन दिवस फोन वापरून झाल्यावर टाका.

संचार साथीवर तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत हेही दिसतं. या निमित्तानं पाहून घ्या, अनोळखी नंबर निघाला तर तिथूनच कळवता येतो. पुढं कधी हा फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन त्याच पोर्टलवरून तो ब्लॉक करता येतो, आणि त्यासाठी आयएमईआय लागतो. पैशाची फसवणूक झाली तर १९३० ला लगेच फोन लावा. जेवढा उशीर तेवढे पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

पहिला आठवडा फोन मुद्दाम राबवा: दुपारच्या उन्हात, लाइट गेल्यावर, लांब कॉलवर. दुकानदारानं लिहून दिलेली मुदत संपायच्या आत दोष दिसला पाहिजे. आणि पावती मी सातबारा आणि पासबुकाच्या पिशवीतच ठेवतो. दोन्ही आयएमईआय पासबुकाच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेले आहेत, कारण फोन हरवल्यावर ते फोनमध्ये पाहता येत नाहीत.